अण्णांचा संगणक आणि हातापायांच्या मुंग्या

व्यापाऱ्याच्या घरात नवे यंत्र येते ते बहुधा हिशेबाच्या वाटेने. तराजूच्या जागी वजनकाटा आला, तारेच्या जागी टेलिफोन आला आणि खतावणीच्या जागी संगणक आला. तिन्हींचे स्वागत एकाच कसोटीवर झाले : वेळ वाचतो का आणि चूक टळते का. वजनकाटा व टेलिफोन आपापल्या कामापुरते राहिले. संगणक मात्र हिशेब आटोपल्यावरही बंद करावासा वाटेना. काही घरांत तो मुलांचा खेळ झाला, काही घरांत तरुणांचा नवा धंदा झाला. आणि एखाद्या घरात, ज्यांनी आयुष्यभर भाव आणि वजन यांपलीकडे फारसे पाहिले नव्हते, अशा वडीलधाऱ्या माणसाचा तो छंद झाला. कोल्हापूरच्या शाहूपुरीत राहणारे अण्णा हे असेच एक गृहस्थ.

अण्णांचे वय त्रेसष्ट. आजोबांपासून चालत आलेली गुळाची अडत शाहू मार्केट यार्डात आहे. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचा सौदा निघाला, की पुढे काही महिने त्यांचा सकाळचा वेळ गुळाच्या रव्यांच्या थप्प्यांमध्येच जातो. रव्याचा तुकडा बोटांनी फोडायचा, चुरा चिमटीत घासून कण पाहायचा, जिभेवर ठेवायचा आणि मग भाव सांगायचा. गुजरातेतून फोन येतात, ट्रक भरले जातात. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ती बातमी यार्डात सर्वांत आधी अण्णांनीच संगणकावर वाचून दाखवली होती. गुळाची परीक्षा ही बोटांची विद्या आहे. बोटे बधिर झालेल्या अडत्याला ती करता येत नाही, आणि पुढे याच बोटांवर बेतले.

अण्णांच्या पेढीवर संगणक आला तो १९९२च्या सुमारास. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटवणारा, हिशेब फ्लॉपीवर ठेवणारा. वडिलांचा त्यावर विश्वास नव्हता. वर्षभर रोजमेळ दोन्हीकडे लिहिला गेला, आणि वर्षअखेर दोन्ही बेरजा जुळल्या तेव्हाच मेहताजींनी हातातली लेखणी खाली ठेवली. त्याच सुमारास अण्णांना कळले, की ज्या टॅली प्रणालीवर निम्म्या बाजारपेठेचा हिशेब चालतो, ती एका व्यापारी बापाच्या अडचणीतून जन्मली आहे. श्यामसुंदर गोएंका हे कारखान्यांना व कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवणारे व्यापारी. आपले हिशेब नीट ठेवील अशी प्रणाली त्यांना बाजारात मिळेना. त्यांनी गणिताचा पदवीधर असलेला मुलगा भरत याला ती करायला सांगितले. १९८६ साली बंगळूरमध्ये या उद्योगाची सुरुवात झाली. पुढे २०२० साली भरत गोएंकांना पद्मश्री मिळाली. अण्णांना या गोष्टीचे फार अप्रूप. यंत्र परदेशातले असले, तरी त्याला जमा-नावे शिकवणारा आपल्यासारखाच पेढीवर वाढलेला मुलगा होता, एवढ्या एका धाग्याने त्यांना संगणक आपला वाटू लागला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. अण्णांच्या घरी ते यायला आणखी काही वर्षे लागली. टेलिफोनच्या तारेतून येणारा तो किर्र आवाज, तेवढा वेळ फोन बंद राहत असल्याने होणारी घरच्यांची कुरकुर आणि महिन्याचे बिल पाहून वडिलांनी वर केलेल्या भुवया, हे सारे आता घरात विनोदाने आठवले जाते. अण्णांच्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण होते. ज्या घरांत रात्री नऊला पाने मांडतात, त्यांना या रिवाजाचा एक परिणाम चटकन लक्षात येत नाही : जेवण सातच्या आत उरकल्यावर संध्याकाळ फार मोठी उरते. पूर्वी ती देवदर्शन, शेजारच्या पेढीवरच्या गप्पा किंवा रंकाळ्याची फेरी यांत जाई. हळूहळू ती संगणकापुढे जाऊ लागली.

अण्णांची जिज्ञासा मोठी विलक्षण. भाव, हवामान, बातम्या हे दहा मिनिटांत संपते. पुढे ते अशा गोष्टींच्या मागे लागतात, ज्यांचा अडतीशी काडीचा संबंध नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील कॉफीच्या भांड्याची गोष्ट त्यांनी यार्डात कितीदा सांगितली असेल, त्याला गणती नाही. १९९१ साली तेथील संशोधक इमारतीच्या इतर भागांतून जिन्यांनी कॉफी घ्यायला येत आणि भांडे रिकामे पाहून परत जात. शेवटी त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचे लहानसे काळे-पांढरे चित्र आपापल्या संगणकावर दिसेल अशी सोय केली. १९९३मध्ये ते चित्र साऱ्या जगाला दिसू लागले आणि लोक देशोदेशींहून ते भांडे भरले की रिकामे, हे पाहू लागले. २००१च्या ऑगस्टमध्ये कॅमेरा बंद झाला, आणि ते निकामी भांडे लिलावात ३,३५० पौंडांना गेले. घेणारी होती एका जर्मन साप्ताहिकाची इंटरनेट आवृत्ती. अण्णा म्हणतात, “सौदा मालाचा असतो असं आपण समजतो. कधी कधी तो गोष्टीचा असतो.”

दुसरी गोष्ट पतंगाची. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्डच्या मार्क टू या संगणकात बिघाड झाला. तपासताना एका विद्युत-खटक्यात अडकलेला पतंग सापडला. काम करणाऱ्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला आणि शेजारी गमतीने टिपण लिहिले; ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. यंत्रातील दोषाला कीटक म्हणण्याची रीत त्याही आधीपासून, एडिसनच्या काळापासून होती. पण खरा कीटक सापडल्याने ती गोष्ट जगभर झाली. अण्णांनी हे घरात वाचून दाखवले तेव्हा सगळे हसले. आक्का हसल्या नाहीत. “चार इंद्रियांचा जीव तो. त्या यंत्रावर साधं झाकणही नव्हतं काय?” एवढेच त्या म्हणाल्या. संगणकाच्या इतिहासात या पतंगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु आक्कांचा हा प्रश्न त्यात कोठे आढळत नाही.

हा छंद असाच चालला असता, तर त्याचे रूपांतर कामात झाले नसते. ते झाले २०१९च्या पुरामुळे. दर पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मनात दोन आकडे असतात : राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे अण्णा रात्री दोनदा-तीनदा संगणकावर पाहतात. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत ते शिरले, अण्णांच्या तळमजल्यावरही आले. माणसे, संगणक आणि चालू हिशेब वरच्या मजल्यावर सुखरूप होते. मात्र जिन्याखालच्या लाकडी कपाटात आजोबांच्या वेळच्या वह्या होत्या. रात्री कंबरभर पाण्यातून त्या वर नेल्या. दोन वह्यांचा लगदा झाला. एकेचाळीस वाचल्या.

लाल कापडी पुठ्ठ्याच्या, दोऱ्याने बांधलेल्या त्या वह्या मोडी लिपीत होत्या. त्यांत काय आहे हे घरात कोणालाच वाचता येत नव्हते. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि मग हात शक्यतो न उचलता, वळणावळणाने अक्षरे तिला लटकवीत जाई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पेढ्यांवर ही लिपी चालत होती. नंतर एका पिढीतच ती परकी झाली. अण्णांनी मोडीची मुळाक्षरे गिरवायला घेतली. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे, म्हणजे आता संगणकावरही ती टंकता येते, हे कळल्यावर तर त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला. त्यांनी निश्चय केला, की एकेचाळीस वह्यांच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यायचे, ते पडद्यावर मोठे करून वाचायचे आणि शेजारी देवनागरीत उतरवायचे. हळूहळू पाने बोलू लागली. गुळाचे रवे, बैलगाडीचे भाडे, हमाली, धर्मादाय. कोणाला किती उधार दिले आणि कोणाचे किती सोडून दिले. सोडून दिलेल्या रकमांची पाने पाहून अण्णा बराच वेळ गप्प बसत.

आता संगणकापुढचे दोन तास चार झाले. रात्री बारा वाजू लागले. अशा बैठकीचे बिल शरीर मुकाट्याने लिहीत जाते.

पहिली तक्रार डोळ्यांची होती. डोळे चुरचुरत, वाळू गेल्यासारखे वाटे. सहज बोलताना माणसाची पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवते. पडद्याकडे टक लावून पाहताना ते प्रमाण निम्म्याने किंवा त्याहूनही कमी होते, डोळ्यांवरचा ओलावा सुकतो आणि चुरचुर सुरू होते. दुसरी तक्रार मानेची. अण्णांचा चष्मा दुहेरी भिंगाचा. जवळचे वाचण्याचे भिंग खालच्या बाजूस. पडदा डोळ्यांच्या समोर असल्याने तो त्या भिंगातून पाहायचा तर हनुवटी वर उचलावी लागे. चार तास हनुवटी वर धरून बसलेला माणूस सकाळी मान वळवू शकला नाही, तर त्यात नवल नाही. चष्म्याच्या दुकानदाराने हे एका मिनिटात ओळखले. हाताच्या अंतरावर स्पष्ट दिसेल असा केवळ संगणकापुरता एकेरी भिंगाचा चष्मा केला, पडद्याखालची दोन जाड पुस्तके काढून तो खाली आणला, आणि पंधरवड्यात मान मोकळी झाली.

तिसरी तक्रार मात्र अण्णांनी कोणाला सांगितली नाही. हाताला मुंग्या येत होत्या. आधी उजव्या, मग डाव्या. सकाळी सदऱ्याची गुंडी लावताना बोटे चाचपडत. यार्डात गुळाचा चुरा चिमटीत घेतला, तर कण जाणवेना. मग ते नुसते रंगावरून आणि चवीवरून भाव सांगू लागले. एकदा अंदाज चुकला, नुकसान झाले. ते त्यांनी बाजारावर ढकलले.

त्यांनी तक्रार सांगितली ती संगणकाला. रात्री घर झोपल्यावर त्यांनी टंकले : संगणक वापरणाऱ्यांच्या हाताला मुंग्या. उत्तरे शेकड्याने आली. मनगटाच्या तळव्याकडील बाजूस एक अरुंद बोगदा असतो, त्यातून जाणारी शीर दाबली गेली की बोटे बधिर होतात; माऊस फार वापरणाऱ्यांना हे होऊ शकते, असे त्यात होते. अण्णांना पटले. कारण आणि परिणाम दोन्ही डोळ्यांसमोर होते. त्यांनी मनगटाखाली ठेवायची उशी मागवली, मग उभा धरायचा माऊस मागवला, मग रात्री बांधायचा पट्टा मागवला. मुंग्या कमी होईनात, तेव्हा ते आणखी खोल शिरले. मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी २००८ साली लोकांच्या शोधांचा अभ्यास करून दाखवले होते, की साध्या डोकेदुखीपासून निघालेला माणूस इंटरनेटवर मेंदूतील गाठीपर्यंत सहज जाऊन पोहोचतो. कारण दुर्मिळ आजारांवरचे लिखाण तेथे त्यांच्या खऱ्या प्रमाणापेक्षा फार जास्त समोर येते. अण्णांच्या बाबतीत तसेच झाले. रात्री एक वाजता ते अशा आजारांची वर्णने वाचत बसत, ज्यांत हात कायमचा जातो. मग झोप येत नसे, आणि झोप येत नाही म्हणून पुन्हा संगणक. वह्यांपैकी चोवीस अजून उघडायच्या होत्या. आपला हात त्या पुऱ्या होईपर्यंत टिकेल का, हा प्रश्न त्यांनी मनात कितीदा केला, ते त्यांनाच ठाऊक.

आठ महिने असे गेले. एके पहाटे अंधारात जिना उतरताना पायरीचा अंदाज न येऊन अण्णा तीन पायऱ्या घसरले. हाड मोडले नाही; परंतु आक्कांनी त्यांचे काही न ऐकता त्यांना घराच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले.

अण्णांनी तेथे आपले निदान तयारच ठेवले होते. मनगटातील शीर, माऊस, अमुक वर्षांचा वापर, सारे क्रमवार सांगितले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “अण्णा, करंगळीलाही मुंग्या येतात काय?”

“येतात.”

“आणि पायांना?”

अण्णा थांबले. पायांना येत होत्या. तळवे कापसावर ठेवल्यासारखे वाटत होते. पण ते वयाचे असेल असे समजून त्यांनी ते बाजूला ठेवले होते. संगणकाला विचारलेल्या प्रश्नात पाय नव्हतेच. “येतात, डॉक्टर,” ते म्हणाले, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखे, “पण पायांनी मी माऊस कुठं धरतो?”

सारे रहस्य या दोन प्रश्नांत होते. मनगटाच्या बोगद्यातून जाणारी शीर अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अर्धी अनामिका यांची संवेदना सांभाळते. करंगळी तिच्या अखत्यारीत येत नाही, पाय तर नाहीतच. दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी तक्रार करू लागले, तर दोष एका सांध्यात नसून साऱ्या मज्जातंतूंना पुरवठा करणाऱ्या कशात तरी असण्याचा संभव जास्त. रक्त तपासले. बी-१२ जीवनसत्त्वाचा आकडा ११२ आला. तो साधारण दोनशेच्या वर असावा लागतो.

कारणे एकाहून अधिक होती, आणि ती या मासिकाच्या पुष्कळ वाचकांच्या घरांत असू शकतील अशी होती. बी-१२ वनस्पतींत मिळत नाही. पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, फळे यांत दुसरे कितीही गुण असोत, हे नाही. ते तयार करतात सूक्ष्म जीवाणू. गाईच्या पोटातील जीवाणू ते तयार करतात आणि दुधातून ते आपल्याला मिळते. म्हणून शाकाहारी माणसाचा मुख्य आधार दूध, दही आणि ताक. अण्णांनी काही वर्षांपूर्वी एका चातुर्मासात दूध-दह्याचा त्याग केला होता आणि तो नियम पुढे आयुष्यभरासाठी ठेवला होता. शिवाय नऊ वर्षांपासून ते मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी घेत होते. हे औषध चांगले आणि उपयोगी असले, तरी दीर्घकाळ घेतल्यास बी-१२चे शोषण कमी होऊ शकते. आम्लपित्तावरच्या काही गोळ्यांचेही तसेच. यकृतात या जीवनसत्त्वाचा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे तूट लगेच कळत नाही. डॉक्टरांनी हे व्यापाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगितले : गोदामात शिल्लक असेपर्यंत आवक बंद झाल्याचे गिऱ्हाइकाला कळत नाही, कळते तेव्हा गोदाम रिकामे झालेले असते.

“आणखी एखादं वर्ष असंच गेलं असतं,” डॉक्टर म्हणाले, “तर बोटांची काही संवेदना परत आली नसती.”

अण्णांनी एकच विचारले, “नियम मोडावा लागेल काय?” नियम मोडावा लागला नाही. औषधातील बी-१२ हे कारखान्यात जीवाणूंच्या किण्वनाने तयार करतात. त्यासाठी प्राणी लागत नाही. कॅप्सूलचे कवच मात्र पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. म्हणून डॉक्टरांनी कॅप्सूल टाळून आधी इंजेक्शने आणि पुढे साध्या गोळ्या लिहून दिल्या. मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करायची नाही, हेही बजावले. अण्णांनी इंटरनेटवर वाचलेल्या स्पिरुलिना शेवाळाविषयी विचारले. त्यात बी-१२सारखा दिसणारा पदार्थ असतो, पण माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग होत नाही, असे उत्तर मिळाले. दुकानात दोन नाणी सारखी दिसली म्हणून दोन्ही चालतात असे नाही, हे अण्णांना वेगळे सांगावे लागले नाही.

इंजेक्शनचे औषध लालभडक होते. अण्णांनी कारण विचारले. या जीवनसत्त्वाच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट धातूचा एक अणू असतो, आणि हा लाल रंग त्या रचनेचा. मग घरी येऊन अण्णांनी पुन्हा संगणक उघडला. या वेळी भीतीपोटी नव्हे. त्या संध्याकाळी त्यांना जे सापडले, त्याने त्यांचे आजारपणच त्यांना वेगळे वाटू लागले.

बी-१२च्या रेणूची रचना उलगडली ती ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांनी. १९४८ साली त्यांनी या लाल स्फटिकांवर काम सुरू केले. क्ष-किरण स्फटिकातून सोडायचे, त्यांचे ठिपके मोजायचे, आणि त्या ठिपक्यांवरून गणिताने अणूंच्या जागा शोधायच्या. हायड्रोजन सोडून ९३ अणू. हाताने ते गणित करायला माणसाचे आयुष्य पुरले नसते. त्या वेळी लॉस एंजेलिसमध्ये स्वॅक नावाचा एक संगणक होता, आणि केनेथ ट्रूब्लड हे तरुण शास्त्रज्ञ त्यावर अशी गणिते करीत. ऑक्सफर्डहून आकडे टपालाने आणि तारेने जात, लॉस एंजेलिसहून उत्तरे येत. आजच्या ईमेलचे काम तारखाते करीत होते. १९५५-५६मध्ये रचना पूर्ण झाली. १९६४ साली हॉजकिन यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि या बाईंना ऐन तरुणपणापासून संधिवात होता. बोटे वाकडी झालेली होती. त्याच बोटांनी त्यांनी ते नाजूक स्फटिक हाताळले.

अण्णांनी हे आक्कांना सांगितले, मुलाला सांगितले, यार्डात हमालांनाही सांगितले. आपल्या दंडात टोचले जाणारे लाल औषध काय आहे, हे जगाला कळायला संगणक लागला होता. आणि आपण मात्र आठ महिने आपल्या हातांचा दोष त्याच संगणकाच्या माथी मारीत होतो, यावर ते मोकळेपणाने हसले.

हात सुधारायला तीन महिने लागले. पायांना अधिक वेळ लागला. डाव्या पायाच्या दोन बोटांची टोके अजून बधिर आहेत आणि कदाचित तशीच राहतील. उशीर झाल्याची ती किंमत. पुढच्या पाडव्याच्या सौद्याला मात्र त्यांनी गुळाचा चुरा चिमटीत घासला आणि कण पुन्हा जाणवला. त्या दिवशी त्यांनी भाव सांगायला नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ घेतला, असे शेजारचे अडते सांगतात.

आता अण्णांच्या संध्याकाळची घडी बदलली आहे. संगणकावर गजर लावलेला आहे, तो अठ्ठेचाळीस मिनिटांचा. दोन घटकांचे हे माप सामायिकामुळे घरात सर्वांच्या अंगवळणी पडलेले आहे. गजर झाला की उठायचे, गॅलरीत जाऊन समोरच्या कडुनिंबाकडे पाहायचे. मधूनमधून, दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद नजर टाकावी, हा नेत्रतज्ज्ञांचा नियमही ते पाळतात. रात्री दहानंतर संगणक बंद. आजारांचा शोध घ्यायचा तो डॉक्टरांना भेटून आल्यावर, आधी नाही. हा नियम आक्कांनी घातलेला आहे.

वह्यांचे काम चालू आहे, पण एकट्याने नाही. नववीतली नात पानांची छायाचित्रे काढते आणि माऊस-कीबोर्ड सांभाळते. अण्णा पडद्यावरची मोडी मोठ्याने वाचतात आणि ती देवनागरीत उतरवून घेते. एकाने वाचावे आणि दुसऱ्याने टिपावे, ही जुन्या पेढीचीच रीत. तिने एकदा विचारले, “आजोबा, एवढं सगळं इंटरनेटवर मिळतं, मग तुमच्या पायांचं का मिळालं नाही?” अण्णा म्हणाले, “आपण विचारू त्याचंच उत्तर ते देतं, बाळ. पायांचं मी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं.”

व्यापारी घरांत पाडव्याला नवी वही सुरू होते. त्याआधी जुन्या वहीतील येणी-देणी तपासली जातात, काय सोडायचे आणि काय पुढे ओढायचे ते ठरते. अण्णांच्या घरात आता त्याच आठवड्यात चाळिशीपुढच्या प्रत्येकाचे रक्तही तपासले जाते, आणि ज्यांनी दूध सोडले आहे किंवा मधुमेहाची गोळी चालू आहे, त्यांचे बी-१२ आवर्जून पाहिले जाते. गेल्या वर्षी त्यात थोरल्या सुनेचा आकडा कमी निघाला. तिला अजून कसलाही त्रास नव्हता. महिनाभराच्या गोळ्यांनी तो वर आला, आणि घरात त्याची फारशी चर्चाही झाली नाही.